१९४ की १४१? बाबांच्या साखरेच्या नोंदी

३ मार्च

नागपुरातल्या धंतोलीहून, बाबांच्या मधुमेहाच्या डॉक्टरांकडून परत आलो. बाबांची तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी, म्हणजे एचबीएवनसी, ८.४ टक्के निघाली. मागच्या वेळी ७.६ होती. डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या नाहीत. सकाळ-संध्याकाळ मेटफॉर्मिन आणि सकाळी ग्लिमेपिराइड २ मिलिग्रॅम, तेच चालू. म्हणाले, "काकाजी, तीन महिन्यांनी या, पण घरचे आकडे घेऊन या. साखर दिवसातून नेमकी केव्हा चढते ते मला दिसलं पाहिजे. अंदाजाने गोळी वाढवली आणि साखर खाली गेली, तर ते जास्त वाईट."

बाबांकडे ग्लुकोमीटर चार वर्षांपासून आहे. आकडे लिहायची निळी वहीही आहे, पण ती कधी देवघरात, कधी टीव्हीखाली, आणि मधले महिनेच्या महिने कोरे. फोन मात्र त्यांच्या हातात असतोच. म्हणून ठरवलं की नोंदी फोनवर घ्यायच्या. काम एवढंच धरलं आहे: जूनच्या पहिल्या आठवड्यात डॉक्टरांपुढे दोन पानं ठेवायची, आणि ती पाहून त्यांना काही ठरवता आलं पाहिजे.

रात्री तीन अ‍ॅप उतरवून पाहिली. मला हवं ते फार नाही. जेवणाआधी आणि जेवणानंतर असं वेगळं नोंदवता यावं, शेजारी दोन शब्द लिहिता यावेत, नेट नसतानाही चालावं, आणि सगळ्या नोंदी फाइल करून बाहेर काढता याव्यात. एक अ‍ॅप उघडताच फोनमधले सगळे नंबर आणि लोकेशन मागायला लागलं. साखर लिहायला माझ्या मावशीचा नंबर कशाला लागतो? ते काढून टाकलं. दुसऱ्यात फाइल काढायला पैसे. तिसरं ठेवलं.

५ मार्च

सकाळी बाबांनी हाक मारली, "बेटा, साखर ७.९ दाखवून राह्यलं हे!" अ‍ॅपमध्ये एकक मिलिमोल होतं, आपल्याकडच्या मीटरवर मिलिग्रॅम असतं. मिलिमोलला १८ ने गुणलं की आपला आकडा येतो, म्हणजे १४२. सेटिंगमध्ये बदलून घेतलं. बाबांना मात्र दोन मिनिटं वाटलं होतं की एचबीएवनसीच ८.४ वरून ७.९ वर आली. त्यांचा चेहरा खुलला होता, तो परत उतरलेला पाहणं मला जड गेलं. कुणाला अ‍ॅप लावून देणार असाल तर पहिल्या दिवशी एकक आपण स्वतः तपासा.

१२ मार्च

आठवडाभराच्या आणि वहीतल्या जुन्या मिळून २२ नोंदी झाल्या. अ‍ॅप वर मोठ्या अक्षरात सरासरी दाखवतं: १४१. हिरवा रंग, शेजारी शाबासकीचं चित्र.

आता एचबीएवनसीवरून सरासरी काढायची एक रीत आहे. टक्क्यांना २८.७ ने गुणायचं आणि ४६.७ वजा करायचे. ८.४ चे होतात १९४. म्हणजे प्रयोगशाळा म्हणते १९४, फोन म्हणतो १४१. दोन्ही त्याच माणसाचे आकडे.

मीटर चुकतंय का? मीटरला सूट असते. १०० च्या वरच्या आकड्यांत शंभरातल्या ९५ वेळा तरी फरक १५ टक्क्यांच्या आत असावा, असं आंतरराष्ट्रीय मानक आहे. १४१ वर १५ टक्के चढवले तरी १६२ च होतात. शिवाय त्या दिवशी लॅबमध्ये उपाशीपोटी १३८ आली होती, आणि घरून निघताना मीटरवर १४५. मीटर बरोबर आहे.

१४ मार्च

डॉक्टरांना फोन केला. त्यांनी उलटा प्रश्न विचारला, "घरात कोणाला सिकलसेल आहे का?" आपल्या विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आढळतो, आणि रक्तातल्या तांबड्या पेशींचं आयुष्य कमी झालं की एचबीएवनसी खोटी कमी दिसू शकते. एचबीएवनसी म्हणजे शेवटी त्या पेशींना चिकटलेली साखर, आणि पेशी साधारण १२० दिवस जगते या हिशेबावर सगळं बेतलेलं. लोह कमी पडून झालेल्या पंडुरोगात उलटं होतं, आकडा खोटा वाढू शकतो. बाबांचं हिमोग्लोबिन १३.६ आहे, आणि सिकलसेलची तपासणी रेल्वेत असतानाच झालेली, काही नाही. म्हणजे १९४ खरं धरायचं.

मग १४१ काय आहे?

१५ मार्च

उत्तर बाबांनीच दिलं, आणि ते मला आठवडाभर दिसलं नाही याचं वाईट वाटतं.

बाबा रेल्वेत गार्ड होते. इतवारी, गोंदिया, आमला, मालगाडीच्या मागच्या डब्यात तीस वर्षं. मी नोंदींची यादी मोठी करून त्यांच्यापुढे धरली. त्यांनी चष्मा लावला, आकडे पाहिलेच नाहीत, सरळ वेळेच्या रकान्यावर बोट ठेवलं. ६.१०, ६.२५, ६.०५, ६.३०. "ह्या सगळ्या एकाच स्टेशनावरच्या नोंदी आहेत," म्हणाले. "पहाटे गाडी टायमात होती एवढंच कळतं. पुढं दिवसभर ती कुठं थांबली हे कोणी लिहिलंच नाही."

२२ पैकी २१ नोंदी उपाशीपोटीच्या होत्या. अ‍ॅपने बेरीज बरोबर केली, भागाकार बरोबर केला. कोणत्या वेळचे आकडे आपण त्याला दिलेच नाहीत, हे त्याला कळायची सोय नाही. ती सरासरी बाबांच्या साखरेची नव्हती, बाबांच्या पहाटेची होती.

आता जोडीने मोजायचं. एका जेवणाआधी एकदा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी एकदा. आठवड्यात चार जोड्या, रोज नाही. रोज दोनदा टोचून घ्यायला सांगितलं तर पंधरा दिवसांत सगळं बंद पडेल. चार जोड्यांना मीटरच्या आठ पट्ट्या, म्हणजे पन्नासचा डबा सहा आठवडे पुरतो. डॉक्टरांनी दिलेली रेघ: जेवणाआधी ८० ते १३०, दोन तासांनी १८० च्या आत.

१८ मार्च

पहिली जोडी. जुना नेम म्हणून बाबा चौकातले तर्री-पोहे घेऊन आले होते. आधी १३२, नंतर २३१.

रिमाइंडरची एक अडचण दिसली. अ‍ॅप दोन तास मोजतं ते नोंद केल्याच्या क्षणापासून, आणि बाबा नोंद करतात ती हात धुऊन, ताट उचलल्यावर. वीस-पंचवीस मिनिटं तिथेच जातात. आता पहिल्या घासाआधी फोन ताटाजवळ ठेवून फक्त "सुरू" एवढं लिहायचं, बाकी नंतर. त्यांना हे लगेच पटलं. गाडी सुटली की वेळ टाकायची, पोचल्यावर आठवून नाही.

२२ मार्च

दुपारी चार वाजता २६८. आधीची नोंद १३४, जेवण रोजचंच. आई घाबरली. बाबा म्हणाले, "काहीच खाल्लं नाही मी, संत्रं सोलून नातीला दिलं फक्त."

तिथेच उलगडा झाला. मृग बहाराची संत्री घरात आहेत, टोपलीभर. बाबांच्या नखांत पिवळेपणा होता आणि बोटाला वास येत होता. साल काढताना फळाचा रस बोटाच्या टोकावर वाळतो, वरून रक्ताचा थेंब येतो, आणि पट्टी दोन्हींची साखर एकत्र मोजते. सॅनिटायझरचा फाया फिरवून भागत नाही. साबणाने हात धुतले, नीट पुसले, दुसरं बोट घेतलं. १५१.

२६८ ची नोंद पुसायला गेले तर बाबांनी हात धरला. "रजिस्टरमधली नोंद पुसत नसतात. एक आडवी रेघ मारायची, खालचं दिसलं पाहिजे, आणि बाजूला कारण." अ‍ॅपमध्ये आडवी रेघ मारता येत नाही, एकतर ठेवा नाहीतर पुसा. म्हणून शेजारी "हात न धुता" लिहिलं, आणि फाइल काढल्यावर हिशेबातून मी ती ओळ बाजूला करणार. ठेवली ते बरंच झालं. तेव्हापासून बाबा न सांगता हात धुतात.

२९ मार्च

एकादशी. साबुदाण्याची उसळ. १२८ वरून २५२. उपासाच्या दिवशी साखर कमीच असणार असं घरात सगळे धरून चाललो होतो.

४ एप्रिल

खाण्याच्या यादीवर आज पूर्ण संध्याकाळ गेली. अ‍ॅपमध्ये पिझ्झाचे अकरा प्रकार आहेत. पातोडीचा रस्सा नाही, अंबाडीची भाजी नाही, ज्वारीची भाकर शोधली तर "रोटी" येते. "सांबार" लिहिलं तर दाक्षिणात्य आमटी येते, आपल्या नागपुरात सांबार म्हणजे कोथिंबीर. बाबा एकेका पदार्थासाठी पाच मिनिटं शोधत बसले तर जेवण निवतं आणि माणूस वैतागतो.

तो भाग बंदच केला. त्याऐवजी आईच्या मापाने चाललो. रोजची भाताची वाटी काट्यावर ठेवली, शिजलेला भात १५० ग्रॅम, म्हणजे साधारण ४० ग्रॅम कर्बोदकं. भाकरीला ती ५० ग्रॅम पीठ घेते, त्यात ३५ च्या आसपास. आता नोंदीत फक्त "भा २" किंवा "भाकर १" असं लिहायचं. आईला आपली वाटी काट्यावर चढलेली पाहून गंमत वाटली, आणि त्यानंतर तीच म्हणाली की रात्री दोन वाट्या म्हणजे दोन भाकरींपेक्षा जास्त होतं की. हे कुठल्याही आलेखाने झालं नसतं.

१४ एप्रिल

रात्रीचं जेवण हेच मुख्य दुखणं आहे, हे आता कागदावर आलं. साडेनऊला जेवण, दोन वाट्या भात, मग टीव्ही: १३६ वरून २४७. आठवडाभर बदललेलं: आठला जेवण, भाकर, नंतर गल्लीत वीस मिनिटं फेऱ्या: १३१ वरून १६२.

आनंद झाला, पण तीन गोष्टी एकदम बदलल्या होत्या. उद्या कोणी म्हणालं की भात सोडलात म्हणून झालं, तर बाबा भात सोडून बसतील, आणि भातावर त्यांचा जीव आहे. म्हणून एकेक वेगळं करून पाहिलं, प्रत्येक दोनदा. भात दोन वाट्या, पण आठला, फेऱ्या नाहीत: २३९ आणि २३३. म्हणजे वेळेने फार पडत नाही. तोच भात, आठला, फेऱ्या घालून: १९८ आणि २०१. एक वाटी भात, अर्धी भाकर, वरण, भाजी आणि फेऱ्या: १७१ आणि १७६.

वीस मिनिटांच्या चालण्याने चाळीसच्या जवळपास उतरतात, हे स्वतःच्या घरच्या आकड्यात पाहिलं की त्याचं वजन वेगळं असतं. चालताना स्नायू रक्तातली साखर थेट ओढून घेतात, त्यासाठी इन्सुलिनवर तेवढं अवलंबून राहावं लागत नाही. बाबांनी काल पाहुणे असतानाही "मी आलोच" म्हणून फेऱ्या घालून घेतल्या.

एक वाटी भात राहिला. ताटात भात आहे याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर रोज दिसतं.

२१ एप्रिल

ऊन ४३ अंशांवर. मीटरने आज आकड्याऐवजी तापमापीचं चित्र दाखवलं आणि बंद पडलं. पट्ट्यांच्या डब्यावर लिहिलंय, ४ ते ३० अंश. डबा होता स्वयंपाकघराच्या पश्चिमेच्या खिडकीत. नागपूरच्या घरात एप्रिलमध्ये ३० अंश कुठे मिळणार?

तापमापी घेऊन घरभर फिरले. पश्चिमेची खिडकी ३९. बैठकीतलं कपाट ३५. कुलरच्या खोलीत, भिंतीतल्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात २९. पण कुलरची ओल तिथे येता कामा नये, पट्टी ओलाव्याने बिघडते, म्हणून डबा झाकण घट्ट लावून स्टीलच्या डब्यात. फ्रिजमध्ये ठेवायची कल्पना आईची होती, पण पट्ट्या थंडीतून काढल्यावर त्यांवर दव धरतं, म्हणून नको. उरलेल्या पट्ट्या तपासणी-द्रावणाने, म्हणजे साखरेचं प्रमाण आधीच माहीत असलेल्या द्रवाने, पडताळून पाहिल्या. चारपैकी एक हद्दीबाहेर गेली. तो डबा बाद केला, नवा आणला. गेल्या आठ दिवसांच्या नोंदींपुढे "खिडकीतला डबा" लिहून ठेवलं.

शेजारच्या काकाजींना इन्सुलिन चालू आहे, आणि ते दुपारच्या लोडशेडिंगची भीती बाळगून होते. इन्सुलिन थंड राहावं म्हणून त्यांच्या घरी मडक्यात मडकं ठेवून मधे ओली वाळू भरली. ते मला रोज सकाळी आवाज देऊन सांगतात, "आज पाणी शिंपडलं बरं का."

६ मे

आज जे झालं ते सविस्तर लिहिते.

बाबा सकाळी गोळी घेऊन, दोन घास पोहे खाऊन इतवारीत गेले, लग्नाच्या बस्त्यासाठी. ऊन ४४. एक वाजता जेवायला परत यायचं ठरलं होतं, आले सव्वातीनला, मधे फक्त एक ग्लास पाणी. सोफ्यावर बसले. शर्ट भिजलेला, हात थरथरत होते. आईला वाटलं ऊन लागलं, तिने कांदा कापायला घेतला आणि पन्हं करायला ठेवलं. मेमध्ये नागपुरात घाम कोणाला येत नाही? कपाळ मात्र थंड होतं. घाम तापलेल्या माणसाचा नव्हता. आईने तेवढं ओळखलं आणि मीटर आणलं.

६१.

तीन चहाचे चमचे साखर अर्ध्या ग्लास पाण्यात ढवळून दिली. पंधरा मिनिटं घड्याळ पाहत बसणं. ९२. मग अर्धी भाकर आणि भाजी. चारच्या पुढे बाबा नीट बोलायला लागले, आणि पहिलं वाक्य होतं, "वेळ टाकली का?"

हे सगळं मला सहाला कळलं. अ‍ॅपने माझ्या फोनवर सूचना पाठवली होती, ३ वाजून ३२ मिनिटांनी. मी मीटिंगमध्ये होते, फोन बंद होता. बाबांच्या फोनवर लाल चौकट आली होती, तिच्यात इंग्रजीत चार ओळी. आई त्या वाचू शकत नाही, आणि तिच्यावरच सगळं आलं होतं.

रात्री जाड कागदावर स्केचपेनने लिहून फ्रिजला लावलं:

"घाम, थरथर, बोलणं अडखळणं: आधी साखर मोजा. मोजता येत नसेल तरी साखर द्या. ७० च्या खाली: ३ चमचे साखर पाण्यात. १५ मिनिटं थांबा. परत मोजा. अजून खाली असेल तर परत ३ चमचे. शुद्ध हरपली तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन."

चॉकलेट आणि दूध यादीत मुद्दाम नाही. त्यातल्या स्निग्धामुळे साखर हळू चढते. बाबांच्या खिशात आता साखरेच्या पुड्या असतात, शर्टाच्या डाव्या खिशात, जिथे पूर्वी शिटी असायची.

७ मे

डॉक्टरांना नोंदीचा फोटो पाठवला. ग्लिमेपिराइड २ वरून १ मिलिग्रॅम केली. म्हणाले, जेवण चुकलं आणि ही गोळी पोटात असली की असं होतं, मेटफॉर्मिनने एकटीने सहसा होत नाही. सकाळी ९.३० ची गोळी, सकाळचे दोन घास, दुपारचे ३.२८, ६१, हे ओळीने समोर होतं म्हणून ते दोन मिनिटांत ठरवू शकले.

१३ मे

पुण्याच्या भाच्याने घड्याळाची जाहिरात पाठवली, न टोचता मनगटावरून साखर मोजतं म्हणे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये अशा घड्याळांबद्दल आणि अंगठ्यांबद्दल इशारा दिला होता: त्वचेला न टोचता साखर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला त्यांनी मान्यता दिलेली नव्हती. दंडावर चिकटवायचा सेन्सर वेगळा. त्याचा बारीक तंतू त्वचेखाली जातो. सहा तारखेनंतर अशा चुकीच्या आकड्यावर गोळी घेण्याची कल्पनाही नको वाटते. भाच्याला प्रेमाने कळवलं.

२५ मे

आमरस. बाबांनी गेल्या वर्षी सोडला होता. या वर्षी मोजून पाहू म्हटलं. अर्धी वाटी रस, साखर न घालता, पोळ्यांऐवजी एक भाकर, भात नाही, नंतर फेऱ्या. तीन वेगवेगळ्या दिवशी १८१, २०४, १७६. २०४ च्या दिवशी फेऱ्या झाल्या नव्हत्या, वादळ आलं होतं. आठवड्यातून एकदा चालेल, असं डॉक्टर म्हणाले. बाबांनी वाटी बोटाने पुसून घेतली.

७ जून

एचबीएवनसी ७.३. रीतीने काढलेली सरासरी १६३. मेमधल्या सगळ्या वेळच्या नोंदींची अ‍ॅपची सरासरी १५९. तंतोतंत जुळायला नकोच. मार्चमध्ये दोघांत ५३ चं अंतर होतं, आज चारचं आहे.

डॉक्टरांनी फोन हातात घेतला नाही. दोन पानंच पाहिली, पेन्सिलने रात्रीच्या रकान्याखाली रेघ मारली, ६ मेच्या नोंदीला गोल केला. गोळ्या आहेत तशा. डोळ्यांचा पडदा आणि लघवीतलं प्रथिन तपासून घ्यायला सांगितलं, दोन वर्षांत झालं नव्हतं.

निघताना बाबांनी पानं परत पुढे सरकवली. "साहेब, इथं सही लागते. नोंद पाहिली म्हणून." डॉक्टरांनी दोन्ही पानांच्या कोपऱ्यात सही केली, तारीख टाकली.

८ जून

नवा डबा उघडला. झाकणावर तारीख लिहिली. सकाळी ६.१५, उपाशीपोटी, हात धुऊन: ११८. पाऊस आता आठवड्यावर आला आहे, कपाटाच्या त्या कप्प्यात ओल किती येते ते पाहायचं.